शब्दचर्चा : 'सिम्बॉलिक कॉम्प्युटेशन'ला मराठीत काय म्हणायचं?

विजापूर_रोड : सोलापुरातल्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी मराठी प्रात्यक्षिक पुस्तिका करतोय. रीत अशी : गणिताचं उत्तर एआयने सुचवायचं आणि सिम्पायने (पायथन या संगणकभाषेतल्या गणित-प्रणालीने) तपासायचं. 'सिम्बॉलिक कॉम्प्युटेशन'पाशी, म्हणजे आकड्यांऐवजी राशींवरच नियम चालवून केलेल्या गणनापाशी, अडलंय. 'प्रतीकात्मक गणन' कानाला लटकं वाटतं. 'चिन्हगणन' चालेल का? 'सिम्प्लिफाय', 'व्हेरिफाय' आणि 'हायब्रिड पद्धत' यांनाही शब्द हवेत.

जुनी_पाटी : 'प्रतीकात्मक' नकोच. मराठीत त्याचा अर्थ नावापुरतं, एक दिवसाच्या उपोषणासारखं. हे गणन तर उलट काटेकोर. पायथनच्या साध्या दशांश गणितात २ चं वर्गमूळ काढून त्याचा वर्ग केला तर २ येत नाही, सोळाव्या दशांश स्थळी एक ४ उगवतो. सिम्पाय वर्गमूळाची किंमत काढतच नाही, करणी करणीच ठेवतो. म्हणून वर्ग नेमका २.

'चिन्ह' तर गोत्यात आणेल. गणिताच्या तासाला 'चिन्ह चुकलं' म्हणजे अधिक-उणे चुकलं. आणि एआय घसरतं ते नेमकं तिथेच. 'क्ष साइन क्ष'चं संकलन विचारलं आणि उत्तर 'क्ष कॉस क्ष + साइन क्ष' आलं असं धरा. दिसायला बरोबर. विकलन करा : २ कॉस क्ष − क्ष साइन क्ष. मूळ राशी वजा केली तर २ कॉस क्ष − २ क्ष साइन क्ष उरतं, शून्य नाही. पहिल्या पदाआधी उणे हवं होतं. आता 'चिन्हगणनाने चिन्हाची चूक पकडली' हे वाक्य मुलांपुढे ठेवून बघा.

होटगी : मग 'अव्यक्त गणन' घ्या की. भास्कराचार्यांच्या काळी बीजगणिताला अव्यक्त गणितच म्हणत, नुसत्या आकड्यांचं ते व्यक्त. अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं होती. आपल्याला हवा तो भेद तिथे आधीच आहे.

जुनी_पाटी : भेद अगदी तोच, पण आज 'अव्यक्त' म्हटलं की प्रेम आठवतं. पाठ्यपुस्तकात 'बैजिक राशी' आहे, त्याला धरून 'बैजिक गणन' करा. विकलन-संकलन बीजगणितात कुठे येतं, असं कोणी म्हणेल. पण प्रणाली तिथेही राशींवर नियमच चालवते. एक सांभाळा : पुस्तिकेत पायथन आहे, तेव्हा 'संकलक' हा शब्द कंपायलरसाठी वापरू नका, संकलनाशी घोळ होईल.

विजापूर_रोड : 'बैजिक गणन' पटलं. 'सिम्प्लिफाय'ला 'सरळ रूप द्या' आहेच ना?

ताळा_जमला : आहे, पण आज्ञा म्हणून तो ढिला आहे, मराठीतही आणि सिम्पायमध्येही. क्षच्या शंभराव्या घातातून १ वजा करा आणि (क्ष − १) ने भागा. छेद जातो, पण शंभर पदं उभी राहतात. यातलं सरळ कुठलं? म्हणून नेमकं सांगा : 'अवयव पाडा', 'विस्तार करा', 'किंमत काढा'. शिवाय छेद घालवताना 'क्ष हा १ नाही' ही अट प्रणाली उत्तरात लिहीत नाही, ती वहीत आपण लिहायची. उलट, क्षवर्गाचं वर्गमूळ ती आपणहून क्ष करत नाही, कारण क्ष उणे ३ असेल तर उत्तर ३ हवं. क्ष धन असल्याचं सुरुवातीलाच जाहीर केलं, तरच क्ष मिळतो.

'व्हेरिफाय'ला 'सत्यापन' वगैरे नको, 'ताळा घेणे' आहे. एआयने दिलेल्या संकलनाचं विकलन करायचं, मूळ राशी वजा करायची, सरळ रूप मागायचं. शून्य आलं तर ताळा जमला. नाही आलं तर लगेच चूक म्हणू नका. साइन, घातांकी फल, निरपेक्ष किंमत असं सगळं एकत्र आलेल्या राशी शून्य आहेत की नाहीत हे दर वेळी ठरवणारी रीत असूच शकत नाही, हे गणितज्ञ रिचर्डसनने १९६८ मध्ये सिद्ध केलंय. अशा वेळी क्षला तीन-चार किमती द्या आणि तीस अंकांपर्यंत मोजा. एका ठिकाणी जरी शून्यापासून स्पष्ट लांब आकडा आला, तर उत्तर चूक. सगळीकडे शून्यालगत आला तर 'बहुधा बरोबर'. त्याला 'सिद्धता' म्हणू नका.

होटगी : 'हायब्रिड'ला 'संकरित' नको हो. आपल्याकडे हायब्रीड म्हणजे ज्वारी, आणि मंगळवेढ्याच्या मालदांडीपुढे तिला कोण विचारतं!

जुनी_पाटी : 'जोडपद्धत' म्हणा. पण कोण काय करतं याला शब्द हवे असतील तर भूमितीच्या वहीत डोकवा : पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. गूगल डीपमाइंडची अल्फाजॉमेट्री ही भूमिती सोडवणारी एआय प्रणाली याच मांडणीवर चालते. त्रिकोण अबकमध्ये अब = अक, ब आणि क हे कोन समान दाखवायचे. दिलेल्या आकृतीत नियम चालवणारा भाग अडकला की भाषा-मॉडेल 'रचना' सुचवतं : बकचा मध्य म घ्या, अम जोडा. पुढे नियमांचा भाग बाबाबा (बाजू-बाजू-बाजू) कसोटी लावून मोकळा. जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये निकाल आला : २००० ते २०२२ च्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या ३० भूमितीप्रश्नांपैकी २५ सुटले. आधीची सर्वांत चांगली पद्धत १० वर थांबली होती. मॉडेलची रचना निरुपयोगी निघाली तर फक्त वेळ जातो, खोटी सिद्धता बाहेर पडत नाही.

विजापूर_रोड : हे घेतो. शाब्दिक उदाहरण असं ठेवलंय : 'चादरीची किंमत टॉवेलच्या अडीचपट. दोन चादरी व तीन टॉवेल बाराशे रुपयांना.' एआयने अडीचला २.५ लिहिलं. चालेल?

ताळा_जमला : चालेल, पण ५/२ लिहायला लावा. ८ टॉवेल = १२००, टॉवेल १५०, चादर ३७५. २.५ ने इथे किंमत बिघडत नाही, तो संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत नेमका बसतो. फक्त १५० ऐवजी १५०.००० असं शेपूट येतं. ०.१ मात्र बसत नाही. तो तसाच परिमेय करायला दिला तर १/१० ऐवजी सोळा अंकी अंश आणि सतरा अंकी छेद हातात येतो. अवतरणात, म्हणजे मजकूर म्हणून दिला, की १/१०.

खरी भीती दीडशे, सव्वाशे, पावणेदोनशेची. पावणेदोनशे म्हणजे १७५; 'दोनशेला पाव कमी' असं वाचलं तर १९९.७५ होतात. आणि अशा चुकीवर ताळा काही बोलत नाही, कारण समीकरणच चुकीचं मांडलंय आणि ते मात्र अचूक सुटतं. सोडवण्याआधी एआयकडून समीकरण परत मराठी वाक्यात लिहून घ्या आणि मूळ प्रश्नाशेजारी ठेवून वाचा. त्या पायरीला 'ताळा' म्हणू नका, 'उलट वाचन' म्हणा, म्हणजे मुलं दोन्ही करतील.