कानात शिट्टी वाजतेय, रविवारी गिगला जाऊ की नको? (मदत हवी आहे)

ब्लास्टबीट
नमस्कार, जरा पटकन मदत हवी आहे. मेटल बँडच्या गिगवरून (लाइव्ह शोवरून) आल्यापासून कानात शिट्टी वाजतेय, थांबतच नाहीये, रात्री पंखा पाचवर ठेवला तरी त्याच्या वर ऐकू येते. आता रविवारी मुंबईत दुसरा शो आहे, तिकीट कधीच काढून झालंय आणि पैसे परत मिळत नाहीत. जाऊ की नको? आणि चांगले इअरप्लग कुठले, रविवारच्या आत हातात पडतील असे? ज्यांना खरंच अनुभव आहे त्यांनीच लिहा प्लीज, वेळ नाहीये.

चिन्मय_कोथरूड
कुठला गिग? ओपन एअर की क्लब? स्पीकरपासून किती लांब होतीस?

ब्लास्टबीट
क्लब, पुण्यातच. नाव देत नाही, उगाच वाद नको. पुढेच होते, मी नेहमी पुढेच असते. इअरप्लगचं सांगा ना कोणीतरी.

डबलकिक
भावा टेन्शन नको घेऊस, सगळ्यांना होतं हे. २००८ ला मुंबईत बीकेसीत आयर्न मेडन बँड बघितला तेव्हा घरी येईपर्यंत आई काय बोलतेय ते कळत नव्हतं, २०११ ला बंगळुरूला पॅलेस ग्राउंड्सवर मेटॅलिका, तिथेही तेच, झोप काढली की जातं. आणि एक सांगतो, मेटल छातीत वाजलं पाहिजे, कानात बुचं मारून ऐकायचं असेल तर घरी हेडफोन आहेत की. रविवारी बिनधास्त जा.

अनुजा_व
भाऊ नाहीये ती, "पुढेच असते" लिहिलंय, जरा वाचून तरी उत्तर द्या. आणि सगळ्यांना होतं म्हणून ते बरं असतं असं नाही.
ब्लास्टबीट, एका कानात की दोन्ही? कधीपासून? नुसती शिट्टी आहे की ऐकूही कमी येतंय? चक्कर? हे सांगितल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

सुलभाताई
अगं लसणाची पाकळी तिळाच्या तेलात कडकडवून, ते कोमट झालं की दोन थेंब कानात सोड, वर कापूस. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात, मुलाचा कान ठणकायचा तेव्हा रात्रीत आराम पडायचा.

साउंडवाला
सुलभाताई, तुमचा अनुभव असेल पण ते कान ठणकतो त्यासाठी करतात, आणि पडद्याला भोक असेल तर तेही महागात पडतं. आवाजाने जे बिघडतं ते पार आत, कॉक्लियात म्हणजे आतल्या कानाच्या शंखासारख्या भागात, तिथल्या केसांसारख्या पेशींना मार बसतो. तेल तिथपर्यंत पोचतच नाही. ब्लास्टबीट, काहीही घालू नकोस कानात.

मी लाइव्ह साउंड करतो त्यामुळे आकडे सांगतो. ८५ डेसिबलला ८ तास हा सुरक्षित मर्यादेचा नेहमीचा हिशोब, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. ८८ ला ४ तास, ९१ ला २, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. छोट्या क्लबातला मेटल गिग १०० च्या वर सहज जातो, कारण ड्रम्सच मुळात तेवढे मोठे वाजतात आणि मग गिटार, मग गळा, सगळं त्याच्या वर आणावं लागतं. त्यात पुढे उभं राहिलं की क्रॅश झांज आणि गिटारचा कॅबिनेट (स्पीकरचा खोका) थेट तोंडावर, वर पीएचा म्हणजे हॉलच्या मोठ्या स्पीकरांचा स्टॅक बाजूला. तीन बँड झाले की विषय संपला.

आता प्लग. मेडिकलमध्ये पिवळा किंवा केशरी फोमचा जोड मिळतो, चहा-वडापावच्या पैशात, आणि नीट बसला तर आवाज भरपूर पडतो. पण नीट बसवत कोणी नाही. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवतात आणि म्हणतात काही फरक नाही. आधी हात स्वच्छ धुवायचे, प्लग बोटांमध्ये फिरवून फिरवून उदबत्तीइतका बारीक करायचा, सुरकुती राहू द्यायची नाही. मग दुसरा हात डोक्यावरून घेऊन कानाची वरची पाळी वर आणि मागे ओढायची म्हणजे नळी सरळ होते, प्लग आत सरकवायचा आणि बोट तसंच धरून ठेवायचं, तो आत फुगेपर्यंत. बाहेरून बघणाऱ्याला प्लग जेमतेम दिसला पाहिजे. अर्धा बाहेर लोंबत असेल तर पुन्हा घाला.
फोमचा तोटा एवढाच की वरचे सूर जास्त खातो, सगळं गोधडीतून आल्यासारखं वाटतं. म्युझिशियन प्लग मिळतात त्यात फिल्टर असतो, सगळ्या सुरांत सारखीच १५-२० डेसिबलची घट होते, गिटारचा रिफ (परत परत येणारी धून) तसाच स्पष्ट राहतो. ते महाग, पण दर महिन्याला गिगला जाणाऱ्याने घ्यावेतच. कापूस म्हणाल तर त्याने जवळजवळ काही होत नाही.

डबलकिक
बघा, साउंडवाल्यांनीच आवाज वाढवायचा आणि त्यांनीच प्लग घाला सांगायचं.

साउंडवाला
मी माझ्या मिक्सिंग डेस्कवर आवाज मोजायचा मीटर लावून बसतो. बँडवाले येऊन मागे उभे राहतात, अजून वाढव म्हणून. तुम्ही येऊन बघा एकदा.

ब्लास्टबीट
अनुजा, डाव्या कानात जास्त. खरं तर डाव्यातच. शुक्रवारी गिग होता, आज मंगळवार. ऐकू येतंय, फक्त डावा कान विमान उतरताना होतो तसा दडपल्यासारखा आहे, फोन उजव्या कानालाच लावतेय. चक्कर नाही. साउंडवाला थँक्स, पण फोमचे घालून रविवारी चालेल का ते सांगा ना.

अनुजा_व
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! शुक्रवार ते मंगळवार, एकच कान, दडपलेला. मी ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आहे, इथे निदान करणार नाही पण एक सांगते, आजच्या आज ईएनटीकडे (कान-नाक-घसा डॉक्टरकडे) जा आणि ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) करून घे. दोन्ही कानात सारखी शिट्टी असेल आणि एक-दोन दिवसांत विरली तर वेगळी गोष्ट. एका कानाने अचानक ऐकू कमी येतंय असं वाटलं तर तो थांबून बघण्याचा प्रकार नाही. गरज असेल तर डॉक्टर स्टेरॉइडचा कोर्स देतात, आणि त्याचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त, दोन आठवडे उलटले की फारसा हातात राहत नाही. कदाचित नुसता मळ निघेल, तर उत्तमच. पण बघितल्याशिवाय कसं कळणार.
रविवारचा प्रश्नच आत्ता बाजूला ठेव.

चिन्मय_कोथरूड
+१. माझ्या रूममेटने असंच महिनाभर अंगावर काढलं, त्याची शिट्टी अजून आहे. शांत खोलीत झोपू शकत नाही तो, पावसाचा आवाज लावून झोपतो.

डबलकिक
उगाच घाबरवताय पोरीला. एवढे सगळे रॉकस्टार आयुष्यभर वाजवतात, कुठे बहिरे झाले?

अनुजा_व
मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिख, त्याला टिनिटस (कानात सतत शिट्टी) आहे, त्याने स्वतः मुलाखतींत सांगितलंय. एसी/डीसी बँडचा गायक ब्रायन जॉन्सन, त्याला २०१६ मध्ये टूर अर्धवट सोडावी लागली, डॉक्टरांनी सांगितलं नाहीतर कान पूर्ण जातील, उरलेले शो ॲक्सल रोझने गायले.

डबलकिक
जॉन्सन स्वतः म्हणाला की कान कार रेसिंगमुळे गेला, गाण्यामुळे नाही. आख्खी माहिती द्या.

अनुजा_व
बरोबर, आणि काय म्हणाला? की रेसला प्लग घालायचे राहून गेले. मी दुसरं काय सांगतेय?

रंगभवनी
अवांतर होतंय पण राहवत नाही. आमच्या वेळी हे सगळं धोबी तलावच्या रंगभवनात व्हायचं, १९८६ पासूनचा इंडिपेंडन्स रॉक महोत्सव, ओपन एअर, पायऱ्यांवर बसून रॉक मशीन हा बँड ऐकलेला आहे, तेच पुढे इंडस क्रीड झाले. आवाज वर आभाळात निघून जायचा, कान असे बधिर होत नसत. शेजारी झेवियर्स आणि जीटी, कामा हॉस्पिटल, म्हणून शांतता क्षेत्रात आलं आणि बंद पडलं. आता पोरं तळघरासारख्या क्लबांत कोंडून घेतात, भिंती चारही बाजूंनी आवाज परत फेकतात. मुंबईत एक तरी परवडणारं उघडं थिएटर रॉकसाठी द्यायला हवं होतं, याची चीड माझी अजून गेलेली नाही.

साउंडवाला
काका, भिंतींबद्दल सहमत. उघड्यावर एका स्पीकरपासून अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल पडतात, बंद खोलीत तेवढे पडत नाहीत, मागे गेलं तरी आवाज पाठ सोडत नाही. पण रंगभवनातही पहिल्या ओळीतल्यांचे कान वाचले असतील असं मला वाटत नाही.

हांबुर्गकर
इकडचं सांगतो. जर्मनीत कॉन्सर्टसाठी मानक आहे, अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि ९५ च्या वर जाणार असेल तर आयोजकांनी प्लग उपलब्ध करून द्यायचे. वाकेनच्या मेटल फेस्टिवलला गेलो होतो तेव्हा पाठीला पॅच लावलेले, दाढी पोटापर्यंत आलेले लोकसुद्धा प्लग घालून पुढे हेडबँग करताना पाहिले, कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. लहान मुलांच्या कानांवर आवाज अडवणारे मोठे मफ असतात. जागतिक आरोग्य संघटनेने पण २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी १०० डेसिबल, १५ मिनिटांची सरासरी, अशी मर्यादा सुचवली आहे. आपल्याकडे नियम रात्री १० ला बंद करा आणि हद्दीबाहेर आवाज किती जातो एवढंच बघतात. शेजाऱ्याच्या झोपेचा विचार आहे, तो हवाच, पण तिकीट काढून आत उभ्या असलेल्या माणसाच्या कानाचं काय?

विक्रांत_डोंबिवली
रविवारी मुंबईला येणार असाल तर महालक्ष्मीला पुलावर शो सुटल्यावर चेंगराचेंगरी होते, अर्धा तास आतच थांबा किंवा सरळ चालत लोअर परळ गाठा. पुण्याला परतायला दादरहून शिवनेरी. पार्किंगच्या नादी लागू नका.

अनुजा_व
विक्रांत, ती येणारच नाहीये बहुतेक. ब्लास्टबीट, गेलीस का?

सुलभाताई
तेलाचं मी मागे घेते बाई, डॉक्टरला दाखव. एकटी जाऊ नकोस, कोणाला तरी बरोबर ने.

ब्लास्टबीट
जाऊन आले आत्ता. मळ वगैरे काही नाही, पडदा ठीक. ऑडिओग्राममध्ये डाव्या बाजूला ४००० हर्ट्झपाशी रेघ खाली गेलीये, उजवी बरी आहे. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, डाव्या हाताला स्पीकर होता का. होता, अगदी हात लावता येईल इतका. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्यात, दोन आठवड्यांनी पुन्हा टेस्ट, तोपर्यंत गिग बंद, हेडफोन पण बंद. परत येईल का विचारलं तर म्हणाले बरंचसं येऊ शकतं, खात्री देत नाही.
मला प्रचंड राग आलाय. दारात बॅग तपासतात, पाण्याची बाटली काढून घेतात, आणि आत एक बोर्डसुद्धा नाही की इथे एवढा आवाज असतो. पन्नास रुपयाचे प्लग बारवर विकायला ठेवले असते तर मी घेतले असते. आणि रविवारच्या बँडची मी कॉलेजपासून वाट बघतेय.

अनुजा_व
वेळेत गेलीस, हे फार चांगलं केलंस. गोळ्या सांगितल्या तशाच घे, मध्येच बंद करू नकोस. शांत खोलीत शिट्टी जास्त जाणवेल, बारीक आवाजात काहीतरी चालू ठेव.

साउंडवाला
बोर्ड आणि प्लगचं मी ज्या दोन ठिकाणी काम करतो तिथे मालकांशी बोलतो. खरंच बोलतो. बरी झालीस की पुढच्या गिगला डेस्कजवळ ये, मिक्स तिथेच बसून केलेला असतो, सगळ्यात चांगलं तिथेच ऐकू येतं.

डबलकिक
ब्लास्टबीट, लवकर बरी हो. माझं मत प्लगबद्दल अजून तेच आहे, पण एका कानाचं मला माहीत नव्हतं.

ब्लास्टबीट
थँक्स सगळ्यांना. आता रविवारचं तिकीट कोणाला हवंय का? स्टँडिंग, एकच आहे, ज्या किमतीला घेतलं त्याच किमतीला.

विक्रांत_डोंबिवली
मला हवंय. नाव ट्रान्सफर होतं का त्या ॲपवर? विपु (विचारपूस) केलीये, बघ.