देवगड हापूस थेट गिऱ्हाईकाला देतो, पण आता सगळेच देतात. आमचंच का घ्यावं?

कातळावरची कलमं (प्रश्न)

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची दोनशे दहा कलमं आहेत. सासऱ्यांनी कातळात सुरुंग लावून, खड्डे पाडून, बाहेरून माती आणून वाढवलेली. त्यांच्या काळात सगळा माल वाशीला जायचा. ट्रकमध्ये चढलेली पेटी पुढे कुणाच्या घरी गेली, हे आम्हाला कधी कळलं नाही. यायची ती फक्त दलालाची हिशेबाची पट्टी.

२०१७ साली आम्ही नवराबायकोने ठरवलं की पुण्यात थेट द्यायचं. पहिल्या वर्षी नणंदेच्या सोसायटीतून साठ पेट्या गेल्या. २०२० च्या टाळेबंदीत बाजार अडखळले आणि आमच्या व्हॉट्सॲपच्या गटावर साडेतीनशे पेट्यांची मागणी आली. त्या वर्षी वाटलं, आता आपलं बस्तान बसलं.

आज गावात घरोघरी हेच चालतं. आम्ही रत्नागिरीहून छापून आणलेल्या खोक्यासारखेच खोके दुसऱ्या हंगामात चारजणांकडे दिसले. ‘थेट बागेतून’ आणि ‘नैसर्गिक पिकवलेला’ हे शब्दही तेच. यंदा एका जुन्या ताईंनी फोनवर सरळ विचारलं, “दुसरीकडे डझनामागे दोनशे रुपये कमी आहेत, मग तुमच्याकडून का घेऊ?” मला उत्तर देता आलं नाही. ते फार लागलं, कारण आंबा चांगला आहे हे मला ठाऊक आहे.

दर उतरवावा? जाहिरातीवर पैसे घालावेत? की वेबसाइट करावी?

वाशीतला गाळेवाला

ताई, दर उतरवू नका. डझनामागे दोनशे कुठून सुटतात ते मी रोज डोळ्यांनी बघतो. कर्नाटकातला आंबा दिसायला हापूससारखाच असतो आणि येतो बराच स्वस्त. तो कोकणच्या नावाच्या पेटीत भरला की झालं. त्या दराशी खरा माल घेऊन झुंजलात तर तुम्हीच आधी संपाल.

हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. पण जिल्ह्याला मानांकन मिळालं म्हणून तुमच्या बागेला आपोआप मिळत नाही, प्रत्येक बागायतदाराला स्वतःची नोंद करावी लागते. केली नसेल तर आधी ती करा. देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने २०२५ पासून फळागणिक क्रमांकाचं स्टिकरही आणलंय, तेही घ्या. एवढं मात्र लक्षात ठेवा, स्टिकर आंबा कुठला ते सांगतं. कापल्यावर आत काय निघेल, ते सांगत नाही.

पूर्णगडचा बागायतदार

वहिनी, तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही म्हणून सविस्तर लिहितो. मी या धंद्यात चाळीस वर्षं आहे.

जे नुसतं बघून उचलता येतं, ते आपलं राहत नाही. खोका, फोटो, कुरिअर हे सगळं एका हंगामात उचललं जातं. अहो, कलमसुद्धा उचललं जातं. कोकणातून कलमं आफ्रिकेत मलावीला गेली, तिथे बागा झाल्या आणि आता ऐन नोव्हेंबर-डिसेंबरात तो आंबा वाशीत उतरतो. म्हणजे जात आपली, हंगाम आपला नसलेला, आणि गिऱ्हाईक मात्र आपलंच.

मग राहतं काय? माझ्याकडे एक वही आहे, तिच्याबद्दल सांगतो. २००९ पासून मी बागेचे सात भाग पाडलेत. कुठल्या भागातला आंबा, कुठल्या तारखेला काढला, कुणाच्या घरी गेला आणि कापल्यावर काय निघालं, हे सगळं लिहितो. गिऱ्हाईक आपणहून सांगत नाही, म्हणून पेटी पोचल्यावर आठ-दहा दिवसांनी मीच फोन करतो. तीन वर्षं लिहिल्यावर दिसलं की साक्याच्या, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा निघाल्याच्या तक्रारी जवळजवळ सगळ्या खालच्या दोन भागांतल्या. झाडं तीच, खत तेच. कारण शोधायला मी चार दिवस गड्यांबरोबर उभा राहिलो. तिथून वाट लांब, म्हणून काढलेला आंबा दुपारपर्यंत तापलेल्या कातळावर पडून राहायचा. साका वाढवणारी हीच ती धग. तेव्हापासून तिथली तोडणी सकाळी दहाच्या आत उरकते, फळ लगेच सावलीत जातं आणि झाडाखालचं गवत आम्ही साफ करत नाही, जमीन झाकलेली ठेवतो. चौदा आणे (सोळापैकी चौदा हिस्से) तयार झाल्याशिवाय फळाला हात लावत नाही आणि देठ ठेवूनच काढतो, म्हणजे चीक सालीवर ओघळत नाही. साक्याचं फळ आधी डझनात एखादं निघायचं, आता चार-पाच पेट्यांमागे एखादं निघतं. शेजाऱ्याला ही वही मी स्वतः दाखवलीय. त्याने दोन आठवडे लिहिली आणि सोडली. त्याला मी नावं ठेवत नाही, हंगामात रात्री अकराला लिहायला बसणं जिवावर येतं.

दुसरी गोष्ट २०१५ ची. फेब्रुवारी-मार्चच्या अवकाळी पावसाने मोहोर गेला, माझ्याकडे निम्मंच पीक आलं. आगाऊ पैसे मात्र पूर्ण मागणीचे घेतलेले. आजूबाजूला लोकांनी बाहेरचा माल आणून पेट्या भरल्या. मलाही एकाने ट्रक देऊ केला. मी एकेचाळीस घरांना फोन करून पैसे परत केले. घरात त्यावरून भांडण झालं, मुलाच्या फीचा प्रश्न होता. पुढच्या वर्षी त्यातली छत्तीस घरं परत आली, आणि तेव्हापासून त्यांनी मला दर विचारलेला नाही.

त्या ताईंना तुम्ही हे सांगू शकता का बघा : गेल्या पाच वर्षांत त्यांच्या घरी किती आंबे गेले आणि त्यातले किती खराब निघाले? हा आकडा तुमच्याकडे असला तर दोनशे रुपयांवर बोलता येईल. नसला तर त्यांचं काही चुकत नाही, असं मला वाटतं.

कोथरूडची गिऱ्हाईक

मी विकत घेणाऱ्यांपैकी, म्हणून थोडंच लिहिते. आमचे आंबेवाले पेटीवर पेन्सिलीने लिहून पाठवतात, “गुरुवारी अढी बघा, त्याआधी नको.” (अढी म्हणजे पिकायला रचून ठेवलेले आंबे.) आणि खरंच गुरुवारीच आंबा होतो. एवढ्यासाठी मी सहा वर्षं त्यांच्याकडूनच घेते. त्याआधीच्या बागायतदारांचा आंबा चवीला याहून सरस होता, तरी सोडला. दर वेळी फळाचा आकार वेगळा निघायचा आणि विचारलं की वाद व्हायचा. पाहुणे यायच्या दिवशी पेटी उघडताना धाकधूक नको वाटते हो.

मोहाडीकडचा द्राक्षवाला

बागायतदारकाकांचं सगळं मान्य, तरी एक वेगळं मांडतो. एकट्याची वही एकट्याला तारते, पण नावच बुडालं तर सगळेच बुडतात. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आमची द्राक्षं अडकली. ज्यांनी ते वापरलं नव्हतं त्यांचाही माल वापरणाऱ्यांबरोबर सडला. तुमच्याकडे २०१४ ला फळमाशीवरून युरोपने आंबा बंद केला, तेव्हा हेच झालं. आमच्या भागात सह्याद्री फार्म्स उभी राहिली, ती शेतकऱ्यांनी एकत्र येऊन, प्लॉटनिहाय नोंदी आणि तपासण्या लावून. तिथे शिस्त मोडणाऱ्याचा माल घेत नाहीत, मग तो भाऊबंद का असेना. ताई, गावातल्या ज्या चारजणांनी तुमचा खोका उचलला, त्यांच्यातले दोन तरी खरा माल विकत असतील. त्यांना शत्रू समजण्याआधी एकदा त्यांच्याशी बोलून बघा.

कातळावरची कलमं

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रश्न आज दिवसभर डोक्यात होता. तो आकडा माझ्याकडे नाही. खराब आंब्याचे पैसे आम्ही नेहमी परत केले, पण का खराब झाला हे कधी विचारलं नाही, कुठल्या भागातला होता हेही नाही. जुने व्हॉट्सॲप संदेश अजून आहेत. आज २०२२ पासूनच्या तक्रारी काढायला बसले, आतापर्यंत त्रेसष्ट सापडल्यात. त्यातल्या बऱ्याच मेच्या दुसऱ्या आठवड्यातल्या आहेत. तेव्हा आमच्याकडे गडी कमी पडतात आणि तोडणी दुपारपर्यंत चालते.

काका, एक विचारायचं होतं. भाग पाडताना तुम्ही कलमांच्या वयावरून पाडलेत की जागेवरून? आमच्या विहिरीकडच्या चाळीस कलमांना माती बरी आहे, बाकी सगळा उघडा कातळ.