वॉट्सचा घोडा शाडूत का नाही? सरस, प्लास्टर आणि काथ्या

घोडेस्वार_दादर
इंग्रज चित्रकार-शिल्पकार जी. एफ. वॉट्सने (१८१७–१९०४) ‘फिजिकल एनर्जी’ या शिल्पाचा घोडेस्वार मातीत न घडवता प्लास्टर, सरस (जनावरांच्या कातडी-हाडांचा गोंद) आणि तागाच्या तंतूंत घडवला. मूळच्या चित्रकाराने हेच साहित्य का धरलं? दीड फुटी घोडा तसा करायचा तर लालबागच्या गणपती कारखान्यांतला काथ्या चालेल का?

चपडा
ओली माती त्याच्या संधिवाताला सोसत नसे, हे नेहमीचं उत्तर. मला दुसरं कारण मोठं वाटतं. शाडू ओल्या फडक्यांत किती वर्षं जपणार? प्लास्टर घट्ट झालं की करवतीने कापा, कानशीने घासा, नाही पटलं तर वर नवा थर द्या. चित्रकार कॅनव्हासवर हेच करतो. १८८०च्या दशकात सुरू केलेला घोडा वॉट्स मरेपर्यंत बदलत राहिला. १९०२मध्ये पहिलं ब्राँझ ओतलं (ते केपटाऊनला आहे), तरी मूळ नमुन्यावर हात चालूच! उघड्या उजेडात पाहता यावा म्हणून हा नमुना रुळांवरून बागेत ढकलत नेत. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधलं ब्राँझ १९०७चं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतरचं.

साचेकाम
काथ्या दीड फुटाला जाड पडतो, पायांतून तंतू बाहेर डोकावतात. सुतळी उसवून दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे करा. सरस रात्रभर भिजवून, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा. थेट आचेवर उकळलात तर चिकटपणा जातो. सरसाने प्लास्टर उशिरा धरतं, हाताला वेळ मिळतो. पाण्याच्या शेकडा १ पासून सुरुवात करा, जास्त झालं तर नुसता चिखल. किलोभर प्लास्टरला ६००–७०० मिली पाणी. प्लास्टर पाण्यात भुरभुरवायचं, उलटं केलंत की गुठळ्या. आतल्या सांगाड्याच्या सळ्यांना आधी चपड्याचे (लाखेच्या रोगणाचे) दोन हात द्या, नाहीतर गंजाचे तांबूस डाग वर येतात. पोटाखाली टेकू ठेवा.

घोडेस्वार_दादर
सरसाऐवजी फेविकॉल?

चपडा
नको. घासताना चिवट होतं, कानशीचे दात भरतात.

साचेकाम
शिवाय वरचा थर नीट धरत नाही. तसंही काम फसतं ते दुसऱ्या थरालाच. वाळलेलं प्लास्टर नव्याचं पाणी ओढून घेतं, नवं धरायच्या आत कोरडं पडतं आणि टिचकी मारली की पोपडा सुटतो. म्हणून जुना थर खरवडायचा आणि पाणी प्यायचं थांबेपर्यंत भिजवायचा.

आणि जून ते सप्टेंबर सरस टाळाच. मुंबईच्या हवेत बुरशी धरते, घरभर वास. पावसाळ्यातच करायचं तर सरसाशिवाय, वाटी-वाटीभर कालवा. वाळवायला हॅलोजनचा दिवा जवळ नको. प्लास्टर फार तापलं की आतलं बांधलेलं पाणी सोडून भुसभुशीत होतं. पंखा पुरे, फक्त चार-पाच दिवस जास्त धरा.