मदत हवी आहे : सांडपाण्याचे तपासणी अहवाल ‘त्रयस्थ पक्षाची माहिती’ म्हणून नाकारले, अपील कसं लिहू?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. वरच्या अंगाला रासायनिक कारखाने आहेत, त्यांचं पाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून पाइपने खाडीत येतं. मासे मरून वर आले की अधिकारी येतात, पंचनामा होतो, बाटल्या भरून नेतात. निकाल मात्र गावाला कधीच कळत नाही. खाडीतल्या तिसऱ्या (शिंपले) काढून पोट भरणाऱ्या बायकांनी विचारायचं कोणाला?

म्हणून माहिती अधिकारात गेल्या तीन वर्षांचे अहवाल मागितले : सामू (पाणी किती आम्ल की अल्कली), सीओडी आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजायला किंवा विघटन व्हायला किती ऑक्सिजन लागतो याची मापं), जड धातू. माहिती अधिकाऱ्याने कलम 8(1)(घ) (व्यापारी गुपितं) आणि कलम 11 (त्रयस्थाची, म्हणजे इथे कारखान्याची, माहिती) दाखवून अर्ज फेटाळला.

मला हे अजिबात पटलेलं नाही. नमुना सरकारने घेतला, सरकारनेच तपासला. कारखाना माल कसा बनवतो हे मी विचारलेलंच नाही, खाडीत काय सोडतो एवढंच विचारलंय. ते व्यापारी गुपित कसं? शिवाय व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी, हे त्याच 8(1)(घ) मध्ये लिहिलंय. आणि कलम 11 त्रयस्थाचं म्हणणं ऐकून घ्यायला सांगतं, अंतिम निर्णय त्याच्या हाती देत नाही.

पश्चिम घाटाच्या पर्यावरणावरचा गाडगीळ समितीचा अहवालही 2011 मध्ये सादर होऊन दाबून ठेवला होता. माहिती आयोगाचा आदेश झाला, दिल्ली उच्च न्यायालयाने तो कायम केला, तेव्हा कुठे 2012 मध्ये लोकांना वाचायला मिळाला. त्यामुळे मी सोडणार नाही.

पहिल्या अपिलाची 30 दिवसांची मुदत संपत आली आहे. 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणून ठेवलाय, अडलंय ते मजकुरावर. 1974 च्या जल कायद्यात कलम 25(6) खाली संमतीच्या (सांडपाणी सोडायच्या परवानगीच्या) अटींची नोंदवही बाधित माणसाला पाहता येते. हा मुद्दा याच अपिलात घालू, की नोंदवही पाहण्यासाठी वेगळा अर्ज करू? माहिती अधिकारातल्या कलम 2(ञ) खाली प्रत्यक्ष फाइल पाहायला कोणी गेलंय का? तिथे मोबाइलवर फोटो काढू देतात का?

आणि सांडपाण्याचे अहवाल द्या असा राज्य माहिती आयोगाचा एखादा आदेश कोणाकडे असेल, तर कृपया क्रमांक आणि तारीख इथे द्या. अपिलाला जोडायचा आहे.