मदत हवी आहे: अँकरिंग माझ्यासमोर लागू पडतं, कॉलवर नाही

नमस्कार मंडळी,

मी कोथरूडला पर्सनल कोचिंग करते. आधी एचआरमध्ये होते, त्यामुळे येणारे बहुतेक हिंजवडी-खराडीचे आयटीवालेच. एनएलपीचा (न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग) प्रॅक्टिशनर कोर्स केलाय. अँकरिंग त्यातलंच: चांगली भावना एखाद्या स्पर्शाशी जोडायची, म्हणजे तोच स्पर्श केला की ती परत यावी.

सध्या एक टीम लीड येतोय. कामात चोख, पण अमेरिकेच्या कॉलवर कुणी अचानक "तू सांग" म्हटलं की घसा कोरडा. गडी कॉलेजात असताना पुरुषोत्तमला भरत नाट्य मंदिरात उभा राहिलेला आहे! म्हणून अँकरिंगसाठी तोच प्रसंग घेतला. विंगेतला अंधार, पहिला हशा, अंगावर आलेला काटा, सगळं आठवायचं आणि भावना भरात आली की अंगठा आणि मधलं बोट दाबायचं. माझ्यासमोर खांदे सैल होतात, आवाज सुटतो. कॉलवर ढिम्म. उलट बोट दाबायच्या नादात समोरचा काय विचारतोय तेच ऐकू येत नाही, म्हणतो.

कुठे अडतंय? आणि कोर्समध्ये शिकवलेला नजरेचा तक्ता (एका बाजूला वर बघितलं तर आठवतोय, दुसऱ्या बाजूला तर रचतोय) तुम्ही कुणी वापरता का? माझा त्यावर फारसा विश्वास बसत नाहीये.

पेठकर
तक्ता गुंडाळून ठेवा. 'प्लॉस वन'मध्ये २०१२ साली त्यावर अभ्यास आला होता. नजरेची दिशा आणि खोटं बोलणं यांचा काही संबंध सापडला नाही. समोरच्यावर उगाच संशय मात्र येतो.

अँकरचं म्हणाल तर त्याचा निवांतपणा तुमच्या खोलीशी, खुर्चीशी, तुमच्या आवाजाशी बांधला गेलाय. सराव जिथे अडतं तिथेच करून घ्या: हेडफोन लावून, लॅपटॉपसमोर, कुणीतरी मध्येच तोडून प्रश्न विचारतंय असा. बोट कॉल जोडण्याआधी दाबायचं, प्रश्न आल्यावर नाही. आणि भावना ओसरायला लागल्यावर दाबलं तर ओसरतीच बांधली जाते, तेही तपासा.

खरं सांगायचं तर यात फायदा बोटाचा किती आणि सरावाचा किती, याचा पुरावा तोकडाच आहे. बँडलर आणि ग्राइंडर यांनी १९७० च्या दशकात पर्ल्स, सटिर, एरिक्सन या थेरपिस्टांच्या पद्धती न्याहाळून एनएलपी बांधलं. त्यातलं मला आजही कामाला येतं ते मेटा मॉडेल, म्हणजे मोघम वाक्याला नेमके प्रश्न विचारणं. तो म्हणेल, "सगळे मला मूर्ख समजतात." विचारा: सगळे म्हणजे कोण कोण? कशावरून कळलं? बहुतेक वेळा एकच मॅनेजर निघतो.

चहाबाज
पेठकरांना +१. छातीत धडधड, रात्रीची झोप उडणं, कॉल टाळायला रजा टाकणं असं काही असेल तर मात्र कोचिंग थांबवा आणि आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवा. कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे कुठलाच परवाना लागत नाही, त्यामुळे हे भान आपणच ठेवायचं.

धागाकर्ती
आभार दोघांचे. झोप नीट आहे, रजेचं विचारते. पुढच्या सेशनला त्याला त्याच्याच टेबलावरून व्हिडिओ कॉलवर घेते. मध्येच तोडून, जरा खडूसपणे प्रश्न विचारणारं कुणी हवंय. आयटीतलं कुणी संध्याकाळी तासभर येईल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.