टाइप रेटिंगचा बाँड: सही करण्याआधी काय विचारू?

मंडळी, मदत हवी आहे. मी एटीआर ७२ या टर्बोप्रॉप (पंख्याच्या) विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे, उड्डाणाचे तास नुकतेच १,७०० झालेत. आता कंपनी ए३२० या जेटवर पाठवतेय. टाइप रेटिंगचा (त्या विमानासाठीचं खास प्रशिक्षण आणि परवान्यावरची नोंद) सगळा खर्च त्यांचा, बदल्यात ३ वर्षांचा बाँड, म्हणजे तोवर नोकरी न सोडण्याचा करार. ऐकायला छान, पण काल रात्री कागद नीट वाचले आणि झोप उडाली. मधेच सोडलं तर पूर्ण रक्कम भरायची, मग पहिल्या महिन्यात सोडा नाहीतर पस्तिसाव्या. दर महिन्याला रक्कम थोडी थोडी उतरत जायला नको का?

दुसरं म्हणजे मेडिकल. उद्या क्लास १ (वैमानिकाला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र) गेलं तर वसुली होणार का, याबद्दल कागदात एक ओळ नाही. एचआरला विचारलं तर म्हणे, ‘तसं कधी होत नाही हो!’ (मग लिहून द्यायला काय हरकत आहे?)

सहा महिन्यांच्या सिम्युलेटर चेकचा खर्च कंपनीच करते, ते ठीक. पण कमांड अपग्रेडचं, म्हणजे कॅप्टन होण्याचं काय? एटीपीएलला (कॅप्टनला लागणारा परवाना) लागणारे १,५०० तास झालेत, तरी जेटवर गेल्यावर ज्येष्ठता यादीत मी तळाला जाणार की आहे तिथेच राहणार, हे कोणी सांगत नाही.

ज्यांनी टर्बोप्रॉपवरून जेटवर जाताना असा बाँड केलाय, त्यांनी कोणती कलमं बदलून घेतली? आणि अपग्रेडमध्ये नापास झाल्यास दुसरी संधी लेखी मिळते का? सही सोमवारी आहे.