'एक्झल्ट'ला 'आनंदित होणे' चालेल का?

प्रूफवाली:
एका कथेचं भाषांतर करतेय. निवडणूक जिंकलेला गडी हरलेल्याच्या दारावरून मिरवणूक नेतो, तिथे इंग्रजीत 'एक्झल्ट' आहे, पुढे 'ओव्हर' जोडलेलं. मी लिहिलं 'आनंदित झाला'. संपादकांनी लाल रेघ मारली. अहो, शब्दकोशात अर्थ 'अत्यानंद होणे' असाच आहे ना? उगाच 'उन्मत्त' वगैरे कशाला?

बारागावचं पाणी:
रेघ बरोबर मारलीय. हा बसल्या जागी होणारा आनंद नव्हे. मूळ लॅटिन 'एक्सुल्तारे', त्यात 'सालिरे' म्हणजे उडी मारणे. सोळाव्या शतकात इंग्रजीत आला तोही उड्या मारतच. 'इन्सल्ट' याचाच भाऊबंद: अंगावर उडी घेणे. 'रिझल्ट' म्हणजे उसळून परत येणे.

प्रूफवाली:
मग रिझल्ट लागला की कोण उसळतं? (दहावीचा सोडून.) आपला 'हर्ष'ही 'हृष्' धातूचा, अंगावर रोमांच उभे राहणे. 'हर्ष झाला' लिहिताना कुणी दंडावरचे केस तपासतं का? व्युत्पत्ती राहू द्या, आजचा वापर सांगा.

बारागावचं पाणी:
बरं, वापरच बघू. चहा फक्कड झाला म्हणून कुणी 'एक्झल्ट' करत नाही. त्याला काहीतरी जिंकलेलं, साधलेलं लागतं. पुढे 'इन' आलं तर माणूस आपल्या यशात मश्गूल. 'ओव्हर' आलं की समोर हरलेला हवाच. तुमच्या कथेत तो दार लावून आत बसलाय आणि भाषांतरात त्याचा पत्ताच नाही.

खडूफळा:
जरा अवांतर. आमची पोरं हा शब्द आणि 'एक्झॉल्ट' यांची हमखास गल्लत करतात. तो 'आल्तुस' म्हणजे उंच यावरून आलेला, दुसऱ्याला मोठेपणा देणे. 'राजाने सेनापतीला एक्झल्ट केले' असं पेपरात वाचलंय. अरे, हे ज्याचं त्यानेच करायचं असतं!
भाषांतराला 'हुरळून गेला' कसं वाटतं?

बारागावचं पाणी:
छे. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, त्यात भाबडेपणा आला. हा गडी मेंढी नाही. 'नाकावर टिच्चून जल्लोष केला' लिहा.

प्रूफवाली:
'टिच्चून' घेते. 'जल्लोष' मात्र सगळ्या मिरवणुकीचा झाला, क्रियापद त्या एकट्याचं आहे. 'त्याच्या नाकावर टिच्चून नाचला' असं करते. तरीही एक्झल्टचा अर्थ आनंदच, हे माझं म्हणणं कायम. आणि संपादकांना 'टिच्चून' गावठी वाटलं तर त्यांना इकडेच पाठवते.